कानावर पडलेलं गणित

॥ श्री ॥

दांडिया बाजार, बडोदे
१२ जुलै १९९४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे. आज मात्र सगळं लिहूनच उठणार आहे. विहंगची दृष्टी चालली आहे, दादा.

गेल्या दिवाळीत साताऱ्याला तुमच्या जिन्यात तो पायरी चुकला आणि आपण सगळे त्याच्या वेंधळेपणाला हसलो, आठवतं? तो वेंधळेपणा नव्हता. अंधार पडला की त्याला तेव्हाच दिसत नव्हतं, आणि पोरानं कुणाला सांगितलं नव्हतं. मे महिन्यात तो पुस्तक गालाला लावून वाचायला लागला, तेव्हा ह्यांनी त्याला अहमदाबादच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यामागचा पडदा वाळत चालला आहे, औषध नाही, ऑपरेशन नाही, असं ते म्हणाले. वर्षभरात उजेड आणि सावली एवढंच कळेल.

घरी आल्यावर विहंगनं चहा मागितला आणि म्हणाला की बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष पुरं करायचं, मग गणितातच एम.एस्सी. करायची. विषय बदलायचा नाही. ह्यांनी मान हलवली. मी आत जाऊन पोळ्या केल्या. दुसरं काय करणार होते?

तू लगेच निघून येऊ नकोस. तू आलास की मी रडेन, आणि सध्या मला तेवढा वेळ नाही. सुनंदावहिनींना सांग, त्यांचं मेतकूट पोचलं.

आहे तसाच जीव लावून ठेव,
निरू

॥ श्री ॥

सातारा
२० जुलै १९९४

चि. सौ. निरूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचले. सुनंदाने वाचले, मी पुन्हा वाचले. येऊ नकोस म्हणतेस म्हणून येत नाही. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहितो.

मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. गणितातले मला कळत नाही, पण मुलांतले थोडेफार कळते. ज्या विषयाला फळा लागतो, आकृती लागते, कागदावर पानेच्या पाने आकडेमोड लागते, तो विषय विहंगने का धरून ठेवावा? तुमच्या विद्यापीठात काय नाही? आपण लहानपणी बडोद्यात असताना सूरसागर तलावाच्या काठी संध्याकाळी सनईचे सूर ऐकत घरी येत होतो, ते संगीत महाविद्यालय आजही तिथेच आहे. दृष्टी गेलेली कितीतरी माणसे गाण्यात नाव काढून आहेत. ते नको असेल तर पुण्यात टेलिफोन ऑपरेटरचा अभ्यासक्रम आहे, मी चौकशी केली. नंतर नोकरी लागते, वसतिगृहाची सोय आहे, आणि मी साताऱ्याहून दर रविवारी जाऊन येईन.

मुलाच्या हट्टाला तू बळ देऊ नकोस, निरू. आपण गेल्यावर त्याचे काय, हा विचार आत्ताच करायला हवा. रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लिही.

सर्वांना आशीर्वाद. राग शांत झाल्यावर मायेने आठवण काढ,
दत्तात्रेय

॥ श्री ॥

बडोदे
३ सप्टेंबर १९९४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रागावले होते. आता नाही. तुझं पत्र विहंगलाच वाचून दाखवलं, कारण आता त्याची पत्रं, पुस्तकं, सगळं मीच वाचते. गाण्याचं ऐकून तो इतका हसला की ठसका लागला. तू त्याचा आवाज विसरलास वाटतं. आरतीच्या वेळी त्याच्या हातात आपण टाळ देतो ते उगाच नाही.

आम्ही गणिताच्या विभागात जाऊन आलो. एवढं मोठं विद्यापीठ, मूर्तिकलेपासून सूक्ष्मजीवांपर्यंत सगळं तिथं शिकता येतं, पण दृष्टी गेलेला विद्यार्थी त्या विभागात कधी आलाच नव्हता. विभागप्रमुख जानीसाहेब साठीला आलेले, सुपारी खाणारे गृहस्थ आहेत. मला वाटलं, गोड बोलून वाटेला लावतील. पण ते गुजरातीत म्हणाले, “अशा मुलाला कसं शिकवायचं ते मला येत नाही. तो येणार असेल तर मी शिकेन.” दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर लिहिलेलं प्रत्येक अक्षर ते मोठ्यानं बोलतात. बाकीची मुलं आधी कंटाळली, आता त्यांनाच ते बरं वाटतं म्हणे.

मी टेपरेकॉर्डर घेऊन बसते. सकाळी माझी शाळा, दुपारी विहंगची पुस्तकं. पहिलीच्या मुलांना बाराखडी शिकवणारी बाई मी, इंग्रजीतलं गणित मोठ्यानं वाचते. काही म्हणजे काही समजत नाही. ग्रीक अक्षरांची नावं विहंगनं शिकवली, ती कणीक मळताना पाठ करते. चुकीचं वाचलं की तो कॅसेट थांबवून परत वाचायला लावतो, आणि अजिबात दयामाया दाखवत नाही. ह्यांनी मकरपुऱ्याच्या कंपनीतल्या त्यांच्या ड्रॉइंग विभागातून तारेचे तुकडे आणले आणि प्लायवूडवर वाकवून ठोकले. विहंग त्यावरून बोट फिरवतो आणि वक्ररेषा कुठं चढते, कुठं उतरते ते सांगतो. कंपनीची बस सुटेल म्हणून हातातला घास टाकून पळणारा माणूस परवा तारा ठोकण्यात बस चुकवून बसला.

तेव्हा पुणं राहू दे. आपण गेल्यावर त्याचं काय, हे मलाही रोज मनात येतं. म्हणूनच त्याला जे येतं ते त्याच्याकडून काढून घ्यायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

वहिनींना नमस्कार. भांडलो तरी भाऊच आहेस, हे धरून चाल,
निरू

॥ श्री ॥

बडोदे
२५ जून १९९५

ती. मामास,
कृ. सा. न.

हे पत्र मी स्वतः लिहितोय, पट्टी ठेवून. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर मामीकडे दे, तिला तुझं अक्षर वाचायची सवय आहे.

मी नापास झालो. एकाच पेपरात, पण झालो. आई तुला गोल गोल लिहील, म्हणून मी आधी लिहितो. परीक्षेत लिहायला माणूस मिळतो, पण तो गणितातला चालत नाही, असा नियम आहे. बरोबरच आहे. समोरच्या जगदेवरावांची नात मोहना चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला गणिताचं वावडं आणि हात मात्र सुरेख, म्हणून तिला विचारलं. जगदेवराव आधी बधेनात. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तलवार होती, लेखणी नाही, असं म्हणाले. आईनं जाऊन काय सांगितलं माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी ते स्वतः मोहनाला आमच्या ओट्यापर्यंत सोडून गेले.

निकालानंतर मी मोहनाला तोच प्रश्न घरी पुन्हा सांगितला आणि तिनं काय लिहिलं ते आईला वाचायला लावलं. मी म्हणालो होतो, “एक्स टु द पॉवर एन प्लस वन”. मला एन आणि एक दोघंही एक्सच्या डोक्यावर हवे होते. मोहनानं एनला डोक्यावर बसवलं आणि एकाला खाली जमिनीवर उभं केलं. तिथून पुढं सगळा पेपर वाकडा गेला. तिचा दोष नाही. मी बोललो तेच तिनं लिहिलं. ती माझ्यापेक्षा जास्त रडली आणि मग चिडून म्हणाली की तुला नीट बोलता येत नाही आणि वर गणित करायला निघालास.

ते मला लागलं. कारण खरं होतं. आता आम्ही बोलायची पद्धत ठरवतोय, आणि ती मराठीत, म्हणजे गोंधळ नको. वर लिहायचं ते ‘डोक्यावर’, खाली लिहायचं ते ‘पायाशी’. कंस उघडला की ‘दार उघड’, संपला की ‘दार लाव’. रोज तासभर सराव करतो. जगदेवराव तिला विचारतात, आज काय काढलंस, तर ती म्हणते, विहंगचं गणित. ऑक्टोबरात तो पेपर परत देतोय.

मामा, दोन दिवस मी गच्चीवर जाऊन बसलो होतो आणि तुझ्या त्या टेलिफोनच्या कोर्सचा विचार केला होता. खोटं कशाला सांगू. मग खाली आलो.

मामीला नमस्कार. पास होवो न होवो, भाचा म्हणून मोजत जा,
विहंग

॥ श्री ॥

सातारा
४ जुलै १९९५

चि. विहंगास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, तरी मी एकट्याने वाचल्या. मामीला दिले नाही. ‘डोक्यावर’ आणि ‘पायाशी’ हे शब्द फार चांगले आहेत; व्याकरणात आम्ही एवढे सोपे शब्द वापरले असते तर माझे निम्मे विद्यार्थी संस्कृतातून पळाले नसते.

नापास झालेल्या मुलाला काय लिहायचे ते मला येते, पस्तीस वर्षे तेच केले. पण तुला त्यातले काही लागू पडत नाही. पुण्याचा विषय मी सोडलेला नाही, एवढे सांगून ठेवतो. गच्चीवरून खाली आलास ते बरे केलेस. कठड्याला हात लावून उतरत जा.

मोहनेला आशीर्वाद सांग. ती बोलली त्याचा राग धरू नकोस.

दूर असलो तरी कान तुझ्याकडे आहे, हे जाणून अस,
दत्तूमामा

॥ श्री ॥

बडोदे
९ मार्च १९९८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे. एप्रिलमध्ये विहंगची एम.एस्सी.ची शेवटची परीक्षा आहे आणि लिहायला माणूस नाही.

एवढी तीन वर्षं मोहना होती, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. तो अडलेला पेपर ऑक्टोबरात निघाला, एम.एस्सी.चं पहिलं वर्ष तिच्याच हातानं निघालं. पण आता तिचंही शेवटचं वर्ष आहे आणि तिच्या चित्रांचं परीक्षण त्याच आठवड्यात आलंय. ती म्हणाली, सोडते, पुढच्या वर्षी देते. विहंगनं तिला साफ नाही म्हटलं. दोघांचं चांगलं कडाक्याचं भांडण झालं, आणि तो जिंकला. तू मागं एकदा थट्टेत त्या दोघांचं काय चाललंय म्हणून विचारलं होतंस त्याचं उत्तर हेच समज, की ती दोघं भांडतात आणि मी मध्ये पडत नाही.

सायन्सच्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा आला, दुसऱ्या दिवशी आलाच नाही. मग मीच परीक्षा विभागात गेले आणि म्हटलं, मी लिहिते. तिथल्या बाईंनी विचारलं की तुम्हाला विषय येतो का. मी म्हटलं, समजत काही नाही, पण चार वर्षं सगळी पुस्तकं मीच वाचून दाखवते. जानीसाहेब शेजारीच उभे होते, त्यांनी कौतुकानं सांगितलं की निरुपमाबेनला माझ्या काही विद्यार्थ्यांपेक्षा जास्त पाठ आहे. झालं. बाई म्हणाल्या, मग तुम्ही चालणार नाही. नातेवाईक चालतो, पण विषयातला नको आणि विहंगपेक्षा जास्त शिकलेला नको. मी हसावं की रडावं ते मला कळेना.

त्यातच परवा विहंग पडला. सयाजीगंजात जिकडंतिकडं टेलिफोनच्या केबल टाकायला रस्ते खणलेत. आदल्या दिवशी नसलेला खड्डा काठीला समजला नाही. हनुवटी फुटली. रुमाल दाबून तो तसाच तासाला जाऊन बसला, आणि घरी आल्यावर मला म्हणाला की उद्यापासून तू सोबत येशील असं म्हणू नकोस. मी म्हणणारच होते. गिळलं.

तुझ्या ओळखीत, बडोद्याला येऊ शकेल असं, गणित न येणारं कुणी आहे का?

काळजी करू नकोस म्हणणार नाही. थोडी कर आणि बाकीची माझ्यावर सोड,
निरू

॥ श्री ॥

सातारा
१४ मार्च १९९८

चि. सौ. निरूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आहे एक जण. संस्कृत घेऊन बी.ए., त्यापुढे शिकला नाही. मॅट्रिकला गणितात जेमतेम सुटला होता, त्याचा दाखला अजून पेटीत आहे. अक्षर बरे आहे. सेवानिवृत्त असल्यामुळे मोकळा आहे.

गणित न येणे आयुष्यात प्रथमच कामाला येते आहे, तेव्हा ही संधी मी घालवणार नाही. सरावाला दिवस हवेत म्हणून पंचवीस तारखेलाच निघतो. सुनंदा इथेच राहील. तिने मेतकूट आणि माझी लोकरीची टोपी दोन्ही बांधून ठेवली आहेत. एप्रिलमध्ये बडोद्यात लोकरीची टोपी, हे तिला सांगून उपयोग नाही.

स्टेशनवर कुणी येऊ नये. वाट मला ठाऊक आहे.

भेटीत उरलेली माया,
दत्तात्रेय

॥ श्री ॥

सातारा
२ मे १९९८

चि. सौ. निरूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तुमच्याकडे असताना सांगायचे ते राहिले, कारण तुझ्यासमोर सांगितले असते तर तू मध्येच शंभर प्रश्न विचारले असतेस. परीक्षेच्या खोलीत काय झाले ते तू दाराबाहेर बसलेली असल्यामुळे पाहिले नाहीस. म्हणून लिहितो.

पस्तीस वर्षे मी मुलांना शुद्धलेखन घातले; त्या पंधरवड्यात तुझ्या मुलाने मला घातले. ‘दार लाव’ म्हटल्यावर मी दार लावायला विसरलो की तो पुढचा शब्द उच्चारत नसे. असा कडक मास्तर मी स्वतःही नव्हतो.

पहिल्या पेपराला पर्यवेक्षक बाईंना संशय आला. हा डोळे मिटून ‘डोक्यावर, पायाशी, दार उघड’ म्हणतो आणि शेजारी एक म्हातारा भराभर लिहितो. त्यांना वाटले की आम्ही काही सांकेतिक बोलतो आहोत. त्यांनी लिहिणे थांबवले आणि मराठी बोलायचे नाही म्हणाल्या. विहंग शांतपणे त्यांच्याकडे वळून गुजरातीत म्हणाला, “बेन, हुं मराठी नथी बोलतो. गणित बोलुं छुं.” त्यांनी माझ्यापुढचा कागद उचलून वाचला, परत ठेवला, आणि त्यानंतर चारही पेपर आमच्या टेबलावर पाण्याचा ग्लास त्याच आणून ठेवत होत्या.

शेवटच्या पेपराचे सांगायचे आहे. मोठा प्रश्न होता. त्याने सांगितले, मी तीन पाने लिहिली. तो थांबला. मी वाट पाहत राहिलो. भोवतालच्या खोल्यांतून मुले उठून चालली, बूट वाजत होते, आणि हा हात मांडीवर ठेवून नुसता बसलेला. त्याच्या ओठांची हालचालही नव्हती. मला वाटले, विसरला. इथेच सारे संपले. बोलायची सोय नाही, खांद्यावर हात ठेवायची सोय नाही. मी गणपतीचे नाव घेतले, घड्याळाकडे पाहिले, पुन्हा नाव घेतले.

मग तो म्हणाला, “मामा, ती तिन्ही पानं खोड. नवीन घे.”

निरू, माझा हात उठेना. लिहिलेले खोडायला हात उठत नाही, त्यात वेळ थोडा उरलेला. मी पेन तसेच धरून बसलो, तेव्हा त्याने पुन्हा सांगितले, आवाज न चढवता. मी तिरप्या रेघा मारल्या. त्यानंतर तो जे बोलत सुटला ते मी कसे लिहिले, मला सांगता यायचे नाही. एकदाही अडखळला नाही. दीड पानात संपले आणि घंटा झाली.

परतताना तू रिक्षात एकसारखी बोलत होतीस, म्हणून तेव्हा विचारले नाही. संध्याकाळी कमाटीबागेत दोघेच फिरायला गेलो तेव्हा विचारले की आधीचे चूक होते का. म्हणाला, गुण मिळाले असते, पण एका ठिकाणी तर्काला भोक होते. मी म्हटले, तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटले असते. तो म्हणाला, “सुटलं असतं. पण मला दिसलं होतं ना.”

आम्ही दोन फेऱ्या आणखी मारल्या. पुण्याच्या त्या संस्थेला मी आज पत्र टाकून कळवले आहे की आमच्याकडून आता कुणी येणार नाही, चौकशी बंद करावी.

सुनंदा टोपी वापरली का विचारते. वापरली म्हणून सांगितले आहे, तूही तेच सांग.

हात दुखतो आहे, म्हणून आशीर्वाद एवढ्यातच पुरवून घे,
दत्तात्रेय

॥ श्री ॥

बडोदे
२१ ऑगस्ट १९९८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

निकालाची तार मिळाली असेलच. पहिला वर्ग मिळाला हे तू गावभर सांगितलंस ते वहिनींच्या पत्रातून कळलं. आता पुढचं. विहंगनं जानीसाहेबांच्या हाताखाली पीएच.डी.ला नाव घातलं आहे, आणि विभागानं त्याला या वर्षापुरते बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे तास दिले आहेत. सगळे खूश नव्हते. पहिल्या वर्षाची शंभर मुलं, फळ्यावर न लिहिणारा मास्तर, ती काय दंगा करतील, असं एक-दोघांना वाटत होतं. जानीसाहेब म्हणाले, करू द्यात दंगा, आपल्यालाही करतात.

मोहना अहमदाबादला नोकरीला लागली. रविवारी येते. भांडतात.

काल माझी शाळा लवकर सुटली आणि मी कुणाला न सांगता सायन्सला गेले. व्हरांड्यात दाराआड उभी राहिले. पहिल्या बाकावरच्या एका मुलीला त्यानं फळ्यावर उभं केलं होतं. तो बोलत होता, ती लिहीत होती. मागं कुजबुज चालली होती. एक मुलगा हळूच दाराकडे सरकला. विहंगनं बोलणं थांबवलं आणि गुजरातीत म्हणाला की निळ्या पट्ट्याच्या चपला करकरतात, जाणाऱ्यानं त्या हातात घेऊन जावं. निळ्या की कसल्या, त्याला काय कळणार, पण मुलगा दचकून पायांकडे बघत परत बसला. मग वर्ग हसला आणि शांत झाला.

त्यानंतर त्यानं जे सांगितलं ते मी तुला सांगते. म्हणाला, एका ठिकाणाच्या जवळ जायचं आहे. तुम्ही मला कितीही लहान अंतर सांगा. बोटाएवढं सांगा, केसाएवढं सांगा, केसाच्या हजाराव्या भागाएवढं सांगा. मी त्याहून जवळ जाऊन दाखवीन. तुम्ही आणखी लहान सांगा, मी पुन्हा जाईन. तुम्ही सांगून थकाल, मी जाऊन थकणार नाही. हे ज्याला करून दाखवता येतं त्यालाच म्हणायचा हक्क आहे की इथं लिमिट आहे.

दादा, हेच वाक्य इंग्रजीत, एप्सिलॉन आणि डेल्टा घालून, मी त्याला कितीदा वाचून दाखवलं असेल. कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचलं, ताप असताना वाचलं. मला वाटायचं, नुसती अक्षरं आहेत, माझ्या तोंडातून त्याच्या कानात जातात, मला काय त्याचं. काल भिंतीला टेकून उभी असताना ते मला समजलं. सगळं समजलं. शेजारून एक शिपाई गेला, मला बरं वाटत नाही असं समजून त्यानं विचारलं, बेन, तबियत तो सारी छे ने. मी म्हटलं, सारी छे.

जेवताना ह्यांना ते समजावून सांगितलं. ह्यांना अर्थात कॉलेजपासून येत होतं, पण तसं न दाखवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग पुढं काय? पुढचं मला येत नव्हतं. विहंग ताटावरून म्हणाला की पुढचं मंगळवारी आहे. मी विचारलं, आत बसू देशील का. तो म्हणाला, “मागच्या बाकावर बस. आणि उशिरा येऊ नकोस, मी उशिरा येणाऱ्याला आत घेत नाही.”

मंगळवारची अर्धी रजा आज मुख्याध्यापिकांकडे टाकून आले आहे.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो मागायला आता लाज वाटते,
तुझी निरू